बर्फातला कुंभार

अण्णा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरातली मातीपासून झालेली प्रत्येक वस्तू बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. चहाचे मग, जेवणाच्या ताटल्या, आईने सेलमधून आणलेली फुलदाणी, बाथरूममधलं बेसिन. कमोडलाही त्यांनी सोडलं नाही. वाजवायचे, कान तिरका करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "पक्कं भाजलंय." एक निळा मग तेवढा नापास झाला. "ह्याला आतनं तडा हाय, अजून दिसंना इतकंच," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. आईने ऐकलं नाही, आणि चार दिवसांनी तो तिच्या हातात चहासकट दुभंगला. "यांनीच वाजवून वाजवून फोडला," असं आईने जाहीर केलं. आम्ही सगळे हसलो. बाबा हसले नाहीत.

बाबा सिरॅमिक इंजिनियर होते. पोलाद वितळवण्याच्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात त्या किती तापल्यावर फुटतात, याचा ते अभ्यास करत. म्हणजे कुंभाराचा मुलगा भट्टीचंच काम करत होता, फक्त या भट्टीला डिग्री लागत होती. हे मी आज म्हणते. त्या काळी असलं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नसतं. आमचं मूळ आडनाव कुंभार. बाबांनी कॉलेजात असताना ते बदलून गावावरून वाठारकर करून घेतलं होतं, आणि इथल्या मराठी मंडळात कुणी वडिलांबद्दल विचारलं की "शेती असते" म्हणून मोकळे होत. अण्णांना विमानतळावरून आणताना त्यांनी गाडीतच सांगून टाकलं, "अण्णा, इथं चार लोकांत चाकाचा, भट्टीचा विषय काढू नका." अण्णा खिडकीबाहेरचं बर्फ बघत होते. "बरं," एवढंच म्हणाले. मी मागच्या सीटवर होते, सतरा वर्षांची, आणि मला बाबांचं शंभर टक्के पटलं होतं. दहा वर्षांची होईपर्यंत मी साताऱ्याकडच्या गावच्या शाळेत होते. मधल्या सुट्टीत पोरं मला "ए गाढववाले" म्हणून हाक मारायची, कारण माती आणायला आमच्याकडे दोन गाढवं होती. ती हाक मी समुद्र ओलांडूनही विसरले नव्हते.

त्या हिवाळ्यातलं घर मला आवाजांनी आठवतं. पहाटे रस्त्यावरून बर्फ खरवडत जाणाऱ्या गाडीची करकर, मग तळघरातल्या हीटरचा घुमणारा आवाज, मग शिकागोला जाणाऱ्या आगगाडीची लांब शिट्टी, आणि त्यानंतर आईच्या भाकरीची थापथाप. एरवी आमच्याकडे सकाळी सीरिअल असायचं. अण्णा आल्यापासून आईने शिकागोच्या देसी दुकानातून ज्वारीचं पीठ आणायला सुरुवात केली. ते पीठ इतकं जुनं असायचं की भाकरी उचलली की चिरायची, मग आई गरम पाण्यात उकड काढून थापायची. ठेचा करायला मिरच्या तव्यावर टाकल्या की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा. मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली उड्या मारत वारा घालायची आणि "आई, स्टॉप इट, शेजारी काय म्हणतील" असं ओरडायची. अण्णा शांतपणे जेवत बसायचे. ताटातलं शेवटचं पिठलं बोटाने पुसून घेत. ती बोटं लांब होती, पेरांशी सपाट झालेली, आणि नखांच्या कडांना मातीची एक रेघ होती जी अमेरिकेतल्या कुठल्याही साबणाने गेली नाही. बाहेरच्या कुणासमोर ते जेवत असले की माझं लक्ष त्या रेघेवर असायचं.

अण्णांना इथे एकच मित्र मिळाला, बापटकाका. दोन गल्ल्या सोडून राहायचे. पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि एकुलता एक मुलगा निनाद कॅलिफोर्नियात असूनही, त्याने आधी घेतलेल्या नेपरव्हिलच्या घरात बापटकाकूंबरोबर राहत होते. "निनाद परत इकडेच येणार आहे," असं ते दोघं दर महिन्याला सांगत. अण्णा त्यांना मास्तर म्हणायचे. रोज दुपारी दोघे टोप्या, मफलर, हातमोजे असा सगळा सरंजाम करून नदीकाठच्या वाटेने फिरायला निघायचे. वाटेत वाकून दगड उचलायचे. घरी येताना अण्णांच्या कोटाचे खिसे जड झालेले असायचे.

फिरायची हद्द ठरलेली होती. गावातल्या जुन्या कॉलेजच्या आवारातला पुतळा. मी बसमधून तो रोज बघायची आणि तो कुणाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी आईने मला त्या दोघांना बोलवायला पाठवलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले. दाढीवाला, चामड्याचा एप्रन बांधलेला ब्राँझचा म्हातारा. एका हातात थाळी, तिच्यावर पाल, मासा आणि शिंपले उठावात काढलेले. दुसऱ्या हातात एक दगड, त्यात रुतलेला शंख. पायाशी छोटी भट्टी. टाइल्सच्या कुणा कारखानदाराने फ्रान्समधल्या मूळ पुतळ्यावरून करवून कॉलेजला दिलेला, असं बापटकाका म्हणाले.

"चारशे वर्षांपूर्वीचा कुंभार हा, मनीषा," त्यांनी मला सांगितलं. "पांढऱ्या चकाकीचा एक लेप हवा होता याला. वर्षानुवर्षं भट्ट्या लावल्या. एकदा लाकूड संपलं तर घरातली टेबलं घातली, जमिनीच्या फळ्या उपटून घातल्या."

"बायको काय म्हणली आसंल," अण्णा म्हणाले. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकली होती हे कळत होतं, तरी ते प्रत्येक वेळी याच जागी हे विचारत असावेत.

"ते नका विचारू. पण गंमत पुढे आहे. डोंगरातल्या दगडांत शंख-शिंपले सापडतात ना, ते एकेकाळी जिवंत होते, तिथे पाणी होतं, असं यानं भर सभेत पंडितांना सांगितलं. लॅटिनचं एक अक्षर येत नव्हतं. म्हातारपणी धर्म बदलेना म्हणून तुरुंगात टाकलं, तिथेच गेला."

अण्णांनी पुतळ्याच्या भट्टीवरचं बर्फ हातमोज्याने झाडलं. त्याचं फ्रेंच नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. "आपला माणूस" असंच ते त्याला म्हणायचे. "आपल्या माणसाचा पुतळा," ते मला म्हणाले. "राजाचा न्हाई, साधूचा न्हाई. कुंभाराचा. बघून घे." मी आजूबाजूला बघितलं, कुणी मराठी माणूस ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की एक मराठी माणूस शेजारीच उभा आहे. बापटकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पुतळ्याकडे वळले. त्यांना सगळं माहीत होतं. ही गोष्ट मी बाबांना सांगितली नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी बापटकाका घरासमोरचं बर्फ फावड्याने काढता काढता पडले आणि गेले.

निनादची फ्लाइट वादळामुळे दोनदा कॅन्सल झाली, म्हणून अंत्यविधी शुक्रवारी ठरला. मंडळाचं सगळं बघणारे देवधरकाका, माणूस अतिशय धावपळ करणारा आणि मनाने चांगला, यादी घेऊन कामाला लागले. दर्भ, तीळ, गंगाजल सगळं कुणाच्या ना कुणाच्या देव्हाऱ्यात निघालं. मडकं कुठून आणायचं? मुलगा पाण्याने भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीला खड्याने त्याला एक भोक पाडायचं, पाणी सांडत जातं आणि शेवटी ते मागे टाकून फोडायचं. देवधरकाका हार्डवेअरच्या दुकानातून कुंडी घेऊन आले. मातीची, तांबडी, आकारानेही बरी. फक्त कुंडीला खाली आधीच भोक होतं. त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. रविवारी आम्ही बापटांकडे बसलो होतो तेव्हा त्यांनी ती काकूंना दाखवली. काकूंनी त्या चिकटपट्टीकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "ठेवा तिथे." देवधरकाका गेल्यावर त्या उठून अण्णांसमोर आल्या.

"अण्णा, ह्यांनी मला सांगितलं होतं. मडकं तुम्ही करून द्याल?"

खोलीत आम्ही चौघं आणि त्या. बाबांचा चेहरा उतरला. अण्णांनी बाबांकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं बघितलं, बापाने मुलाकडे. आज मी त्या वेळच्या बाबांपेक्षा मोठी आहे आणि ती नजर आठवली की मला अजून लाज वाटते, बाबांची आणि माझीही.

"करा," बाबा शेवटी म्हणाले. काकूंच्या घरातून बाहेर पडल्यावर गाडीत त्यांनी उरलेलं सांगितलं. "कुणी विचारलं तर मागवलं म्हणायचं. न्यू जर्सीहून. मनीषा, तुलाही सांगतोय."

"ओके," मी म्हणाले.

आमच्या हायस्कूलमध्ये पॉटरीची खोली होती. तिथल्या मिस कॅरलना मी सोमवारी विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. "इज युअर ग्रँडफादर अ पॉटर?" त्यांनी विचारलं. "नो, ही'ज जस्ट रिटायर्ड," मी म्हणाले. त्यांना सांगून काय बिघडणार होतं? पण खोटं बोलायची सवय लागली की माणूस जिथे गरज नाही तिथेही बोलतो.

शाळा सुटल्यावर अण्णा आले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतली माती मुठीत दाबून बघितली, नाकाला लावली आणि म्हणाले, "मेलेली हाय, पर चालंल." विजेचं चाक त्यांनी कधी बघितलं नव्हतं. स्टुलावर बसून पायाने पेडल दाबायचं त्यांना जमेना, म्हणून ते चाकाशेजारी एका खोक्यावर उकिडवे बसले आणि मी जमिनीवर बसून हाताने पेडल दाबत राहिले. "हळू," "आता पळीव," "हळू." माती वर आली. मी अण्णांना काम करताना सात वर्षांनी बघत होते. आणि मग, गळा वर ओढताना, अख्खं मडकं एका बाजूला कललं आणि बसलं.

अण्णा तसेच बसून राहिले. हातावरून गाळ ओघळत होता. "घरच्या माणसाचं मडकं आपण करू ने," ते म्हणाले. "हात ऱ्हात न्हाई. माझा बाप गेला तवा मी शेजारच्या गावच्या कुंभाराकडनं आणलं. मास्तर काय, दोन म्हयन्यांची वळख. मला वाटलं जमंल." ते रडत होते. आवाज न करता, काम थांबवल्याबद्दल माफी मागितल्यासारखे रडत होते. मिस कॅरल खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मी पेडलवरचा हात काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी नवा गोळा घेतला.

दुसरं उभं राहिलं. ते जरा सुकून आवळल्यावर मंगळवारी आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी ते थापून मोठं केलं. बाहेरून आईचा भात वाढायचा लाकडी कालथा आणि आतून टेकवायला नदीकाठचा एक गोल दगड. बापटकाकांनी त्यांना दिलेला. एका अंगाला त्यावर शिंपल्याचा ठसा होता, पंख्यासारख्या रेघांचा. टप टप टप, आईच्या भाकरीच्याच तालात. मडकं फुगत गेलं, भिंत पातळ होत गेली. मी वाकून आत बघितलं तर दगड जिथे जिथे टेकला होता तिथे तिथे पुसट शिंपले उमटले होते.

भट्टीचं काम अण्णांच्या हाताबाहेरचं होतं. बटणांची पेटी, आकडे, धूर नाही, जाळ दिसत नाही. मडकं अजून पुरतं सुकलेलं नव्हतं, आणि ओलं मडकं एकदम तापलं तर फुटतं हे त्यांना ठाऊक होतं. या पेटीला ते समजावायचं कसं ते ठाऊक नव्हतं. बुधवारी सकाळी मी त्यांना घेऊन शाळेत गेले तर पार्किंगमध्ये बाबांची गाडी होती. त्यांनी कामावर सुट्टी टाकली होती. त्यांनी मडक्याला हात लावून ओल बघितली, गालाला टेकवून बघितलं, अगदी अण्णांसारखं, आणि मिस कॅरलना विचारून आकडे बदलले. "पहिले चार तास नुसती ऊब. मग हळूहळू चढवू." दिवसभर बापलेक त्या भट्टीशेजारी दोन खुर्च्यांवर बसले होते. मी वर्गांच्या मधल्या वेळात डोकावत होते. दुपारी आईने दिलेली भाकरी दोघांनी एकाच डब्यातून खाल्ली.

गुरुवारी संध्याकाळी भट्टी उघडली. मडकं तांबूस निघालं, एका बाजूला किंचित फिकट. अण्णांनी पेराने वाजवलं. नंतर बाबांनी वाजवलं.

शुक्रवारी फ्युनरल होमच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. गालिचा भिजू नये म्हणून मधोमध प्लॅस्टिक अंथरलं होतं. मी पहिल्या रांगेत मडकं मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी अण्णा, धोतरावर बाबांचा लांब कोट घालून. पोथी काखेत धरून देवधरकाका आले आणि मडकं बघून थांबले.

"अरे, हे कुठे मिळालं? मी तर सगळं शिकागो पालथं घातलं."

"न्यू जर्सीहून, आयसेलिनमधून," मी म्हणाले. "ओक ट्री रोडवरच्या एका दुकानातून. कुरिअरने आलं. बबल रॅपमध्ये होतं, म्हणून फुटलं नाही." बबल रॅपचं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मी घातलं.

देवधरकाकांनी कौतुकाने अण्णांकडे बघितलं, म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावेत म्हणून. "छान मिळालं, नाही का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "चांगलं मागावलंय पोरांनी."

बाबा आमच्या मागेच उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"नाही हो देवधर," ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण हॉल शांत होता आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझ्या वडिलांनी केलंय हे. आम्ही कुंभार. शेती आमच्याकडे कधीच नव्हती. मी इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगत आलो. आता माझी मुलगी सांगायला लागली, आणि वडील तिला साथ देताहेत."

कुणीतरी खुर्ची सरकवली. देवधरकाकांनी पोथी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बापटकाकू उठल्या. "निनाद," त्या म्हणाल्या, "मडकं अण्णांच्या हातून घे. आणि खडा त्यांच्याकडेच राहू दे."

निनादला मडकं खांद्यावर नीट धरता येत नव्हतं. "लाइक धिस?" तो सारखा विचारत होता. अण्णांनी त्याचा हात गळ्याखाली बसवून दिला आणि ते त्याच्या मागून चालू लागले. खडा म्हणजे तोच शिंपल्याचा दगड. पहिल्या ठोक्याआधी त्यांनी सवयीने पेराने एकदा वाजवून ऐकलं, मग मारला. पाण्याची धार लागली. तीन फेऱ्या, तीन भोकं. निनादने मडकं मागे टाकलं आणि ते प्लॅस्टिकवर फुटलं. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून कुणी बघितलं नाही. मी बघितलं. एक खापर उताणं पडलं होतं, आतले शिंपले वर करून.

मंडळात नंतर काय झालं असं मला माझी मुलं विचारतात. फारसं काही नाही. देवधरकाका पुढच्या संक्रांतीला अण्णांच्या हातची सुगडं मिळतील का म्हणून विचारून गेले. दोन घरांची बोलावणी मात्र हळूहळू थांबली. आईने त्यांची नावं कधी काढली नाहीत.

अंत्यविधीनंतरच्या रविवारी अण्णा बाबांना आणि मला पुतळ्याकडे घेऊन गेले. रोज त्याच रस्त्याने गाडी नेऊनही बाबा तिथे कधी उतरले नव्हते. ब्राँझच्या थाळीत बर्फ साठलं होतं, पाल आणि मासा दिसत नव्हते. बाबांनी हातमोजा काढून उघड्या हाताने ते काढलं.

"दत्ता," अण्णा म्हणाले, "तुझं अभ्यासाचं मेज मी भट्टीत घातलं हुतं. तू चवथीत हुतास."

"पाचवीत."

"लाकूड सपलं हुतं. भट्टी निम्म्यावर आली हुती."

"माहीत आहे, अण्णा."

"ह्यानं बी घातलं हुतं."

बाबांनी अण्णांच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि आम्ही घरी आलो. मेमध्ये अण्णा परत गेले, आणि पुन्हा त्यांना इकडे येता आलं नाही.

त्या वसंतात मी मिस कॅरलच्या वर्गात चाकावर बसायला लागले, ते अजून सुटलेलं नाही. पोटापाण्याला मी दुसरं काम केलं, पण तळघरात माझं एक चाक आहे. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. तेव्हा अण्णांचं ते वाक्य मला आठवत होतं, की घरच्या माणसाचं मडकं आपण करू नये. दुसरा कुंभार मी आणणार कुठून? मी माती मळली आणि बसले. फ्युनरल होममधल्या तरुण माणसाने मडकं हातात घेऊन विचारलं की हे कुठून घेतलं. मी केलं, मी म्हणाले, आमच्या घरात हेच काम करतात. मडकं एका बाजूला कललं होतं. तसंच नेलं.